गेट पडलंय

माझ्या भाच्याने आणि त्याच्या चार मित्रांनी मिळून केलेल्या चित्रपटात नायिका गाव सोडून जाते, पण ती जाताना दिसत नाही. रेल्वे स्थानकावर चित्रीकरण करायचे तर रेल्वेची परवानगी काढावी लागते आणि शुल्क भरावे लागते. एक लाख चाळीस हजार रुपयांत सगळा खेळ उरकायचा असल्यामुळे फलाट, सुटणारी गाडी आणि खिडकीतून हलणारा हात हे सारे पहिल्याच बैठकीत वजा झाले. ती बैठक बेळगावच्या शहापुरात आमच्या माजघरात झाली. मी निवृत्त शिक्षिका आणि घरात मी एकटीच, त्यामुळे जागा फुकट मिळते, चहा फुकट मिळतो आणि वर शुद्धलेखनही तपासून मिळते, असा तिहेरी विचार करून मुले माझ्याकडे आली होती, हे मला त्याच वेळी कळले होते. हिशेबाची वही माझ्याकडे सोपवण्यात आली. शाळेतल्या एका कोऱ्या राहिलेल्या हजेरीपटात मी तो हिशेब लिहिला, आणि आज तो चाळताना असे दिसते की त्या चित्रपटावरचा सर्वांत मोठा खर्च जेवणाचा, त्याखालोखाल पेट्रोलचा आणि मग हार्ड डिस्कचा आहे. प्रकाशयोजना या सदराखाली एकच नोंद आहे : थर्माकोलचे दोन तक्ते. उन्हाकडे तोंड करून ते तक्ते धरले की चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो, आणि धरणाऱ्याचे हात दहा मिनिटांत भरून येतात.

कथा साधी होती. मुलगा उद्यमबागेत वडिलांच्या दोन लेथ मशीनच्या कारखान्यात काम करतो, मुलीला पुण्यात नोकरी लागते आणि 1 जुलैला तिथे रुजू व्हायचे असते. हाताशी एकोणीस दिवस उरलेले. दोघे आठवीपासून एका वर्गात, पण प्रेम वगैरे शब्द कधी कोणी उच्चारलेला नाही. तर गाव सोडण्यापूर्वी एकमेकांच्या राहिलेल्या वस्तू परत करून टाकाव्यात असे मुलगी ठरवते. कंपासपेटी, हेल्मेट, कुठल्या तरी परीक्षेचे गाईड, पावसात नेलेला रेनकोट. रोज एक वस्तू परत करायला एक भेट. वस्तू संपत आल्या आहेत हे लक्षात येताच मुलगा नव्या वस्तू उसन्या मागू लागतो. इथवर हे सारे मला गोड पण बेताचे वाटत होते. पुढे मुलीच्या घरचा एक स्टीलचा डबा कथेत येतो, आणि तिथे मी वही खाली ठेवून ऐकू लागले. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. तिने चिवडा भरून पाठवलेला डबा त्याची आई चकल्या घालून परत पाठवते, तो रिकामा कसा द्यायचा म्हणून तिची आई त्यात गरगट्टा भरते, आणि असा तो डबा शहापूर ते अनगोळ इतक्या खेपा करतो की कोणाचा कोणाकडे जायचा राहिला आहे हे दोन्ही घरांना सांगता येईनासे होते. ज्या गोष्टीचा शेवट करता येत नाही ती पुढे चालू ठेवायला आपल्या आयांनी शोधून काढलेली ही रीत आहे, आणि पंचवीस वर्षांच्या पोरांना ती दिसली याचे मला खरोखर कौतुक वाटले.

प्रेमाच्या विनोदी गोष्टीला अडथळा लागतो. पूर्वी तो बापाच्या रूपाने येत असे, जातीच्या किंवा बंगल्याच्या रूपाने येत असे. इथे कोणी आडवे येत नाही. दोन्ही घरे पावसाळी डबे पाठवत बसलेली आहेत, आणि शत्रू म्हणावा तर नेमणुकीच्या पत्रावरची एक तारीख, जिच्याशी भांडता येत नाही आणि जिच्यावर चिडताही येत नाही, कारण त्या तारखेसाठी मुलीने चार वर्षे अभ्यास केलेला असतो. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांची आज हीच कथा आहे. बेळगावपासून पुणे साधारण साडेतीनशे किलोमीटर आणि बेंगळुरू पाचशे. दोन्हीकडे रात्री बसलेला माणूस सकाळी उतरतो, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला पाहुणेसुद्धा 'काय करणार' असे न विचारता 'कुठे जाणार' असेच विचारतात.

या प्रश्नाच्या पाठीमागे सीमाभागातले आणखी एक जुने दुखणे आहे, आणि ते चित्रपटात यावे असा माझा आग्रह होता. आमच्या वडिलांच्या पिढीने, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले त्या 1 नोव्हेंबर 1956 पासूनचा हिशेब मनात ठेवला, दर वर्षी तो दिवस काळा दिवस म्हणून पाळला. बेळगाव कर्नाटकातच राहावे म्हणणारा 1967 चा महाजन अहवाल त्यांना तोंडपाठ होता. 2004 साली महाराष्ट्राने सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या बातम्या कापून ठेवणारे म्हातारे मी अगदी जवळून पाहिले आहेत. एवढे सगळे मी भाच्याला दोन तास सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी जेमतेम अर्ध्या मिनिटाचा एक प्रसंग लिहून आणला : मुलीचे आजोबा झोपाळ्यावर बसून सांगतात की हे घर न सोडता, याच झोपाळ्यावर बसून, आपण एक दिवस महाराष्ट्रात जाणार, आणि नात बॅगेची चेन ओढत म्हणते, "तुम्ही या सावकाश. मी संध्याकाळच्या गाडीनं पुढं जातो." मला प्रथम राग आला. माझ्या दोन तासांची त्याने दोन वाक्ये केली होती आणि वर त्यावर लोक हसणार होते. मग रात्री उशिरा त्या झोपाळ्यावरचे आमचे वडीलच डोळ्यांसमोर आले, आणि प्रसंगातला एकही शब्द मी बदलला नाही.

एक शब्द मात्र त्याआधीच बदलून झाला होता. संहिता हाती आली तेव्हा सवयीने मी लाल पेन घेतले आणि मुलीच्या तोंडी जिथे जिथे 'मी येतो', 'मी आलो', 'मी करतो' असे होते तिथे तिथे 'येते', 'आले', 'करते' असे केले. 'मी येतो म्हटलं होतं, खरं जमलं नाही' या वाक्यातला 'खरं' खोडून मी 'पण' लिहिले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की बेळगाव-कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास पुल्लिंगी क्रियापद वापरतात. मला वाटते, हे कन्नडच्या शेजाराचे देणे असावे, कारण कन्नडमध्ये 'मी येतो' आणि 'मी येते' यांत फरकच नाही, बाई बोलो वा पुरुष, क्रियापद एकच. कारण काहीही असो, आम्ही घरात असेच बोलतो आणि फळ्यासमोर उभे राहिलो की तसे बोलत नाही. तीस वर्षे मी वर्गात 'जाते' शिकवले आणि घरी येऊन आईला 'बाजारात जातो' म्हणाले.

भाचा लाल खुणांची पाने उलटत राहिला. मग म्हणाला, "आत्ती, तेवढं खोडू नकोस. तेच तर पिक्चर आहे."

त्याचे म्हणणे असे होते की गाव सोडणे दाखवायला त्याच्याकडे पैसे नाहीत. गाडी नाही, पुणे नाही, तिथली खोली नाही, कचेरी नाही. तेव्हा शेवटी फक्त एक फोन येईल. मुलगा कारखान्यात, हाताला तेल, कानाशी फोन, पलीकडून तीच मुलगी म्हणेल, "अरे, मी शुक्रवारी येते." एवढ्यावर सगळ्या बेळगावला कळेल की ती गेली. आणि तो थोडा वेळ गप्प राहून विचारेल, "कोण बोलतंय?"

मी 1984 साली एम. ए. करायला पुण्याला गेले होते. त्या काळी मिरजेला उतरून गाडी बदलावी लागे, कारण आमच्या बाजूला मीटर गेज होती आणि मिरजेच्या पुढे ब्रॉड गेज. सामान घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाताना रुंद रुळांकडे पाहून आपण आता मोठ्या जगात चाललो आहोत असे खरोखरच वाटत असे. वसतिगृहात पहिल्या संध्याकाळी मी दारात उभी राहून "मी आलो" म्हणाले आणि खोलीतल्या दोघी पलंगावर आडव्या पडून हसल्या. वाईट हेतू कोणाचा नव्हता. त्यानंतर आठ दिवस मी बोलण्याआधी प्रत्येक क्रियापद मनात एकदा उलटून पाहत होते, चपलेत खडा आहे का ते बघावे तसे, आणि नवव्या दिवसापासून पाहावे लागले नाही. दिवाळीला घरी आले. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सुपात तांदूळ निवडत बसली होती, मी बाहेरून हाक दिली, "आई, मी आले." तिने मान वर केली नाही. धाकट्या बहिणीला म्हणाली, "कोण आलंय बघ गं."

ही गोष्ट मी भाच्याला कधीच सांगितली नव्हती. आईने तिच्या शेवटच्या वर्षांत केव्हा तरी सांगितली असणार, कारण तिला ती फार आवडत असे, आणि सांगताना ती दर वेळी मला 'पुण्याची पाहुणी' म्हणत असे. लाल खुणा मी रबराने पुसू शकत नव्हते. सगळी पाने पुन्हा लिहून काढली.

बेळगावी बोलीची आणखी एक अडचण होती. पु. ल. देशपांड्यांच्या रावसाहेबांमुळे ती सगळ्या महाराष्ट्राला ऐकून माहीत आहे, आणि त्या व्यक्तिचित्राची थोरवी अशी की त्यानंतर आमच्यापैकी कोणीही तोंड उघडले की ऐकणारा हसण्याच्या तयारीनेच बसतो. मुलांना ते हसणे नको होते. नायक आपल्या बोलण्यामुळे विनोदी वाटू नये, तो स्कूटर सुरू होत नसल्यामुळे विनोदी वाटावा, असा त्यांचा दंडक होता. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. पण तो सर्वत्र पाळला गेला असे म्हणवत नाही. नायकाच्या कारखान्यातला मित्र 'बे' आणि 'की' जरा जास्तच पेरतो, आणि तिथे त्यांनी स्वस्तातला हशा घेतलेला आहे.

चित्रीकरण 2023 च्या मे महिन्यात सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी अडले ते मागांमुळे. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. शहापूर तर जुन्या काळी सांगली संस्थानात होते आणि इथल्या साड्यांचे नाव त्याही वेळेला होते. आज आमच्या मागच्या आळीत यंत्रमाग आहेत. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत नाही, कारण जन्मापासून तो चालूच आहे, पण माइकला दुसरे काही ऐकू येईना. नंतर स्टुडिओत आवाज भरायला पैसे नव्हते, त्यामुळे जे बोलायचे ते जागेवरच नीट घ्यायला हवे होते. मग उपाय निघाला की वीज जाईल तेव्हा माग थांबतील, तेवढ्यात प्रेमाचे संवाद उरकायचे. माणसे वीज जाण्याची इतकी आतुरतेने वाट पाहताना मी आयुष्यात प्रथमच पाहिली. वीज गेली की पंखा थांबे, आळी एकदम बहिरी झाल्यासारखी होई, नायक-नायिका धावत जागेवर येत आणि घाम पुसत हळू आवाजात बोलत. चित्रपटात ते दोघे एकमेकांशी बोलताना सारखे घाईत आणि दबलेल्या आवाजात का बोलतात, हे पाहणाऱ्याला कळत नाही. ते फार प्रेमात असल्यासारखे दिसतात.

डब्यात कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, भरल्याचा एक प्रसंग होता. खरा कुंदा विकत आणला. पहिल्या टेकला एक घास, दुसऱ्या टेकला एक घास, मध्ये कॅमेरावाल्याचा एक, अशा रीतीने पाचव्या टेकपर्यंत डब्याचा तळ दिसू लागला. सातव्या टेकला जो आहे तो माझ्या हातचा गुळाचा सांजा आहे, तूप जास्त घालून गडद परतलेला. चित्रपटात तो कुंदाच वाटतो. नायिकेच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो बारीकसा फसगतीचा भाव उमटला आहे, त्याला पुढे लोकांनी अभिनय म्हणून दाद दिली.

आता गेट. टिळकवाडीतल्या रेल्वे फाटकांना पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशीच नावे आहेत. दांडा खाली येऊ लागला की पुढचा मागच्याला 'गेट पडलंय' असे सांगतो, गाड्या बंद होतात, आणि पाच-सात मिनिटे सगळे गाव एका जागी उभे राहते. मुलांनी ठरवले की नायिकेला निरोप द्यायला डबा घेऊन निघालेला नायक इथेच अडकेल. सार्वजनिक रस्ता, खरी गर्दी, खरी गाडी, आणि एक पैसा खर्च नाही. पण यात एक मेख होती, आणि ती बेळगावच्या माणसालाच कळेल. ही गेटे स्थानकाच्या दक्षिणेला, लोंढा जंक्शनच्या बाजूला आहेत. पुण्याला जाणारी गाडी लोंढ्याकडून येते, आधी गेट ओलांडते आणि मग स्थानकात शिरते. म्हणजे नायकाच्या समोरून गाडी धडधडत जाते तेव्हा नायिका तिच्यात नसतेच. ती फलाटावर गाडीची वाट पाहत उभी असते, आणि तिची ठरलेली जागा रिकामीच त्याच्या पुढून जाते. बाहेरच्या प्रेक्षकाला वाटणार की ती गेली. आमच्या माणसाला ठाऊक असणार की अजून दहा मिनिटे आहेत.

तीन संध्याकाळी ही मंडळी गेटाशी उभी होती. पहिल्या दिवशी मालगाडी आली, आणि तिचे डबे संपेपर्यंत नायकाचा चेहरा दुःखातून कंटाळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी उजेड सुरेख होता, ढगांच्या कडा पेटलेल्या होत्या, आणि गाडी आली ती स्थानकाकडून, लोंढ्याला जाणारी. मी म्हणाले, घेऊन टाका, कोणाला कळणार आहे? भाचा म्हणाला, "बेळगावला कळणार." तिसऱ्या दिवशी योग्य दिशेची गाडी आली, उजेड मात्र साधाच होता, आणि तेच दृश्य चित्रपटात आहे. गेट उघडते, मागचे हॉर्न वाजवू लागतात आणि नायकाची स्कूटर सुरू होत नाही. ती खरोखरच सुरू झाली नव्हती.

त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडपात पांढरा पडदा बांधून आम्ही तो दाखवला. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे मागांचा आवाज टाळण्यासाठी केलेल्या सगळ्या धडपडीवर पाणी पडले. एक तास बारा मिनिटांच्या त्या चित्रपटात लोक डब्याच्या प्रत्येक खेपेला हसले, आजोबांच्या प्रसंगाला वयस्कर मंडळी क्षणभर थांबून मग हसली, आणि गेटाचे दृश्य आले तेव्हा पुढच्या रांगेतली पोरे उठून ओरडू लागली, "जा की बे! गाडी अजून टेशनात पोचायची हाय!" दुसऱ्या कोणी तरी विचारले की हा येडा कपिलेश्वरच्या पुलावरून का आला नाही. पुण्याहून आलेली आमची एक भाची मात्र डोळे पुसत होती, आणि आजूबाजूचे एवढे का हसतात हे तिला कळत नव्हते. एकाच पडद्यावर एकाच क्षणी दोन निरनिराळे चित्रपट चालू होते. स्थानकावरच्या चित्रीकरणाचे शुल्क भरण्याइतके पैसे मुलांच्या हाती असते तर हे घडलेच नसते.

फोनच्या शेवटच्या प्रसंगाला मात्र मंडपात हशा झाला नाही. "कोण बोलतंय?" म्हटल्यावर अंधार होतो, मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या, तिकडून नुसता खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

मंडळी आता पांगली आहेत. आवाजाचे काम करणारा मुलगा बेंगळुरूला आहे. भाचा मुंबईला एका मालिकेच्या संकलनात रात्रपाळी करतो. त्याला निरोप देताना मी त्याला प्रभातची आठवण करून दिली, की 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेली ती कंपनीसुद्धा 1933 मध्ये सगळे बिऱ्हाड घेऊन पुण्याला गेली होती. तो म्हणाला, त्यांच्याकडे निदान न्यायला बिऱ्हाड होते. नायिकेचे काम केलेली मुलगी तर आता खरोखरच पुण्यात नोकरीला आहे. थर्माकोलचे तक्ते माझ्या कपाटामागे आहेत.

भाच्याशी माझा एक वाद अजून मिटलेला नाही. शेवट त्याने जास्त करुण केला असे माझे मत आहे. माझ्या आईने मान वर केली नाही हे खरे, पण संध्याकाळपर्यंत मी पुन्हा 'आलो-गेलो' वर आले होते, हा भाग आई कोणाला सांगत नसे, कारण त्यात गोष्टीची मजा जाते. त्याने तेवढीच अर्धी गोष्ट घेतली.

2024 च्या दिवाळीत नायिकेचे काम केलेली ती मुलगी घरी आली होती. हुबळी-पुणे वंदे भारत त्याच सप्टेंबरमध्ये सुरू झालेली, तिने आली होती. आपल्या घरी जाण्याआधी डबा द्यायला म्हणून माझ्याकडे थांबली; डबा तोच, चित्रपटातला, आणि अर्थात रिकामा नव्हता. उंबऱ्यात असतानाच तिचा फोन वाजला. "हो, पोहोचले मी. नाही, उद्या सकाळी करते," असे ती कोणाला तरी म्हणाली, फोन पिशवीत टाकला, चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"आत्ती, तू बस. चहा मी ठेवतो."